पुढे यूएसबी हवंय? आधी मदरबोर्ड बघा

यावेळी यूएसबीचेच प्रश्न ढिगाने आलेत, आणि त्यातही कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टचे, म्हणून बाकीचे पुढच्या अंकाला ठेवले आणि हे सगळे एकत्र घेतले. वाचकांची नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न (डिचोली): बाजारात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. पीसी मी स्वतः भाग आणून असेंबल केलाय. कॅबिनेटला पुढे यूएसबी एकच आणि तेही आता सैल झालंय. गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन आलं की दरवेळी टेबलाखाली वाकून मागे घालावा लागतो, कंबर गेली माझी. पुढे चार पोर्ट बसवायचेत. साडेतीन इंची आणि सव्वापाच इंची अशी दोन्ही पॅनल मिळतात, कुठलं घेऊ? दुकानदार म्हणाला कुठलंही घ्या, चालेल.

उत्तर: कुठलंही चालेल असं नाही हो. पॅनल सगळ्यात शेवटी घ्यायचं, आधी कॅबिनेटची बाजूची पत्री काढायची आणि टॉर्च मारून मदरबोर्डाच्या खालच्या नि उजव्या कडेला कुठले यूएसबी हेडर, म्हणजे वायर लावायच्या पिनांचे गट, रिकामे आहेत ते बघायचं. पॅनल म्हणजे नुसती भोकं, वीज आणि डेटा येतो तो या हेडरमधून, त्यामुळे हेडर नसेल तर कितीही भारी पॅनल आणलं तरी ते शोभेचं.

हेडर दोन प्रकारचे दिसतील. एक उघड्या पिनांचा, पाच-पाचच्या दोन रांगा आणि त्यातली एक पिन नसलेली म्हणजे एकूण ९, हा यूएसबी २.० चा, बाजूला बोर्डावर एफ-यूएसबी किंवा जे-यूएसबी असं काहीतरी छापलेलं असतं. यातली एक रांग म्हणजे एक पोर्ट, म्हणजे एका हेडरवर दोनच पोर्ट होतात. दुसरा मोठा, बहुतेक निळा किंवा काळा, भोवती प्लॅस्टिकची भिंत असलेला १९ पिनांचा, तो यूएसबी ३.० चा, त्याच्यावरही दोनच पोर्ट. आता तुम्हाला पुढे चार हवेत म्हणजे दोन हेडर रिकामे लागणार. चार पोर्टचं पॅनल आणि त्याला मागे प्लग मात्र एकच, असं काही दाखवलं तर समजायचं आत हब, म्हणजे एका पोर्टचे चार करणारं सर्किट आहे, चारही पोर्ट एकाच वाटेवरून जाणार आणि वीजही वाटून घेणार. २.० च्या एका पोर्टला ५०० मिलिअँपिअर आणि ३.० ला ९०० असा हिशोब आहे, त्यामुळे हबवाल्या पॅनलवर एकाच वेळी पेनड्राइव्ह, मोबाइल आणि पोर्टेबल हार्डडिस्क लावली की हार्डडिस्क टिकटिक करायला लागते आणि लोक म्हणतात डिस्क गेली. डिस्क गेलेली नसते, तिला वीज पुरत नसते.

रिकामा हेडर मोजताना एक लक्षात ठेवा, ९ पिनवाल्यावर आणखी बरेच जण डोळा ठेवून असतात. वायफाय कार्डाचं ब्लूटूथ त्यातूनच चालतं, प्रोसेसर थंड करणाऱ्या पाण्याच्या कूलरची वायर तिथेच जाते, आतला कार्ड रीडरही तिथेच. बोर्डावर दोन दिसले म्हणून दोन मोकळे असं नाही.

दुकानासाठी माझं मत विचाराल तर दोन पोर्ट ३.० चे आणि दोन २.० चे असं मिक्स पॅनल घ्या. बायोडाटा, पीडीएफ, आधार कार्डाची प्रिंट याला २.० चे सेकंदाला ४८० मेगाबिट भरपूर झाले. पण फ्लेक्सच्या डिझाइनच्या फाइली किंवा लग्नाचे अल्बम घेऊन कोणी आलं तर तिथे ३.० चा फरक खरंच कळतो, कागदावर तरी तो ५ गिगाबिट म्हणजे दसपट आहे.

साडेतीन की सव्वापाच, याचं उत्तर तुमचं कॅबिनेट देईल. सव्वापाच म्हणजे डीव्हीडी रायटर बसायचा ती जागा, साडेतीन म्हणजे पूर्वीच्या फ्लॉपीची. तुमच्याकडे बंद पडलेला डीव्हीडी रायटर असेल तर तो काढून टाका आणि तिथे मोठं पॅनल घाला, त्यात हात नीट जातो आणि दोन जाड पेनड्राइव्ह शेजारी शेजारी बसतात, साडेतीनच्या पॅनलमध्ये भोकं इतकी चिकटून असतात की एक लावला की दुसरा आडवा येतो. हल्लीच्या पुढे काच असलेल्या कॅबिनेटांत यातली एकही जागा नसते, तसं असेल तर पॅनलचा नाद सोडा, मागच्या पोर्टाला लावायचा, स्वतःचा अडॅप्टर असलेला चांगला हब टेबलाला स्क्रूने बसवा, काम तेच होतं.

आता बसवताना. पीसी शटडाऊन केला म्हणजे वीज गेली असं नाही, एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज देणारा आतला डबा, चालू असेपर्यंत बोर्डावर ५ व्होल्ट स्टँडबाय चालूच राहतात आणि यूएसबीच्या हेडरवरही ते बहुतेक वेळा असतातच. म्हणून मागचं बटण बंद, मग प्लग काढा, मग पॉवरचं बटण दोन-चार सेकंद दाबून धरा आणि मगच हात घाला. ९ पिनच्या प्लगमध्ये एक भोक बुजवलेलं असतं, ते बोर्डावरच्या गायब पिनेवर आलं की बरोबर. शेजारीच ऑडिओचा हेडर असतो, अगदी तेवढाच, फक्त त्याची गायब पिन दुसऱ्या जागी असते, त्यामुळे जोर लावल्याशिवाय चुकीचा बसत नाही आणि जोर लावायचा नाही हा नियमच करून टाका. जुन्या बोर्डावर मात्र जास्त जपा, तिथे फायरवायरचा हेडर असायचा, त्याची गायब पिन यूएसबीच्याच जागी असते, म्हणजे प्लग अलगद बसतो आणि तिथे १२ व्होल्ट असतात, पेनड्राइव्ह जागच्या जागी खलास. छापलेलं नाव वाचल्याशिवाय काही लावू नका.

स्वस्त पॅनलमध्ये प्लगऐवजी सुट्या वायरी येतात, लाल ५ व्होल्ट, पांढरी डी मायनस, हिरवी डी प्लस, काळी ग्राउंड असा रंगांचा नेम आहे, पण तो नेम पाळलाच असेल याची खात्री मी देणार नाही. पॅनल बोर्डाला जोडायच्या आधीच मल्टिमीटर बीपवर ठेवून बघा. पोर्टच्या आत चार पट्ट्या दिसतात, टोकाच्या दोन विजेच्या आणि मधल्या दोन डेटाच्या. लाल वायर ५ व्होल्टच्या टोकाच्या पट्टीशी वाजली पाहिजे, काळी ग्राउंडच्या टोकाच्या, आणि लाल-काळी एकमेकींशी अजिबात वाजता कामा नयेत. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि लाल-काळी उलटी गेली तर गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह जळतो, त्यात त्याच्या मुलीच्या बारशाचे फोटो असतात, ते कुठून भरून देणार? नंतर पहिली चाचणीही एखाद्या टाकाऊ पेनड्राइव्हवरच घ्या.

१९ पिनचा प्लग सरळ खाली दाबायचा, हलवत हलवत नाही. ती केबल जाड आणि ताठ असते, तिला आधी हळू वाकवून वळण द्या आणि मग लावा, नाहीतर तिच्याच ताणाने आतल्या पिना वाकतात. काढताना तर आणखी सांभाळून, कारण प्लग घट्ट असला की हेडरची प्लॅस्टिकची भिंतच त्याच्याबरोबर उपटून येते. एका हाताची बोटं भिंतीवर टेकवा आणि दुसऱ्या हाताने प्लग सरळ वर घ्या.

आणि तुमचं जे एक पोर्ट सैल झालंय ना, ते नशीब नव्हे. नेहमीच्या चौकोनी यूएसबी पोर्टला किमान १५०० वेळा घालणं-काढणं सोसलं पाहिजे असं मानक आहे. घरच्या पीसीला ते वर्षानुवर्षं पुरतं, पण दुकानात रोज तीस गिऱ्हाईकं धरली तर ५० दिवसांत तो आकडा येतो. पोर्ट त्यानंतर लगेच मरत नाही, चांगला असेल तर बराच पुढे जातो, पण झीज सुरू झालेली असते. म्हणून नवीन पॅनल बसवलं की त्याच्यात वीतभर लांबीची एक्स्टेंशन वायर कायमची लावून ठेवा आणि पेनड्राइव्ह तिच्या टोकाला घाला. झिजेल ती वायर, ती फेकून दुसरी लावायची, पॅनल तसंच राहील. दुकानवाल्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगतो.

प्रश्न (म्हापसा): मी इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत पहिला पीसी बिल्ड केला. कॅबिनेटला पुढे टाइप-सी आहे पण त्याची वायर लावायला बोर्डावर सॉकेटच नाही, वायर आत लोंबकळतेय. बोर्ड बदलावा लागेल का?

उत्तर: बोर्ड बदलू नकोस रे, एवढ्यासाठी कोणी बोर्ड बदलतं का. पुढच्या टाइप-सीला बोर्डावर एक वेगळं छोटं धातूचं उभं सॉकेट लागतं, बऱ्याच बजेट बोर्डांवर ते देत नाहीत. तुझ्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे १९ पिनच्या निळ्या हेडरला लावायचा अडॅप्टर, स्वस्त आहे, पण त्यावर वेग ५ गिगाबिटच मिळेल आणि तो हेडर अडकला की पुढचे निळे चौकोनी पोर्ट बंद, म्हणजे दोन्हीपैकी एकच निवडायचं. घेताना टाइप-सीचा प्लग सरळ आणि उलटा दोन्ही बाजूंनी लावून बघ, हलक्या अडॅप्टरमध्ये उलट्या बाजूने लावला की वेग एकदम २.० वर येतो.

दुसरी वाट पीसीआय एक्सप्रेसचं, म्हणजे बोर्डावरच्या स्लॉटात बसवायचं कार्ड, ज्याच्यावर आतल्या बाजूला हे सॉकेट असतं. इथे कार्डाच्या बॉक्सवरचा आकडा बघून भुलू नकोस, स्लॉट बघ. २.० पिढीच्या एक्स-१ (सगळ्यात छोट्या) स्लॉटमधून सेकंदाला ५०० मेगाबाइट, म्हणजे ४ गिगाबिटच्या आसपासच जातं, त्यावर १० गिगाबिट लिहून काय उपयोग. ३.० पिढीचा एक्स-१ असेल तर त्याच्या दुप्पट मिळतं. कार्डावर पॉवरचं सॉकेट असेल तर एसएमपीएसची मूळ साटा वायर तिथे लाव, मोलेक्सपासून (जुन्या चार पिनांच्या पॉवर प्लगपासून) साटा करणारे ओतीव प्लॅस्टिकचे स्वस्त कनेक्टर वापरू नकोस, ते वितळल्याच्या तक्रारी जगभर आहेत.

आणि खरं सांगायचं तर फोन चार्ज करायला आणि अधूनमधून फोटो घ्यायलाच टाइप-सी हवं असेल तर अडॅप्टर घे आणि उरलेले पैसे एसएसडीत घाल. फास्ट चार्जिंग मात्र दोन्हीतून मिळेल असं धरून चालू नकोस.

प्रश्न (मडगाव): मी घरूनच लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. पुढच्या निळ्या पोर्टला हार्डडिस्क लावली की शेजारच्या पोर्टमधल्या डोंगलचा वायरलेस माऊस अडखळतो, डिस्क काढली की ठीक. माऊस नवा घेतला तरी तेच.

उत्तर: ताई, माऊसचा दोष नाही आणि तुमच्या पीसीचाही नाही. यूएसबी ३.० वर डेटा धावत असतो तेव्हा त्यातून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास येतो आणि वायरलेस माऊसचा डोंगल त्याच पट्ट्यात बोलत असतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर पेपर काढला होता. डोंगल डिस्कच्या अगदी शेजारी असल्यामुळे माऊसचा आवाज त्या गोंगाटात बुडतो. डोंगल मागच्या काळ्या २.० पोर्टला लावा आणि तरी अडखळला तर तिथून एक छोटी एक्स्टेंशन वायर काढून डोंगल टेबलावर माऊसजवळ आणा. डिस्कची वायरही बदलून बघा, बारीक आणि शिल्डिंग नसलेली वायर असली की हा त्रास जास्त होतो. पुढे निळे आणि काळे दोन्ही असतील तर काळ्यात डोंगल घालूनही भागत नाही कधी कधी, कारण अंतर तेवढंच राहतं.

प्रश्न (फोंडा): पीसी चालू केला की काळ्या स्क्रीनवर यूएसबी डिव्हाइस ओव्हर करंट असा मेसेज येतो आणि १५ सेकंदांत बंद होतो. यूएसबीला काहीच लावलेलं नाही. रिपेअरवाला म्हणतो मदरबोर्ड गेला.

उत्तर: गेला असेलही, पण ते मान्य करायच्या आधी एक गोष्ट करा. मेसेजचा अर्थ एवढाच की यूएसबीतून हवा त्यापेक्षा जास्त करंट जातोय. वीज पूर्ण काढून पुढच्या पॅनलचे यूएसबी प्लग बोर्डावरून काढा, निळाही आणि ९ पिनचाही, आणि मग चालू करा. चालू झाला की बोर्ड ठीक आहे, दोष पुढच्या पोर्टमध्ये आहे. टॉर्च मारून पोर्टच्या आत बघा, बहुतेक वेळा आतली जीभ मोडलेली किंवा एखादी पट्टी वाकून बाहेरच्या धातूला टेकलेली दिसते, पेनड्राइव्ह तिरका घातला किंवा लावलेला असताना कोणाचा गुडघा लागला की हे होतं. पट्टी लाकडी टूथपिकने हळूच जागेवर येते. जीभच मोडली असेल तर पोर्ट नवीन. पॅनल काढूनही मेसेज येत असेल तर मागचे पोर्ट तसेच तपासा, आणि तिथेही काही नसेल तर मग रिपेअरवाल्याचं ऐका.

प्रश्न (पेडणे): आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग मी घरी करतो. पुढच्या यूएसबीला ऑडिओ इंटरफेस (माइक पीसीला जोडायचा डबा) लावला की पेटीच्या मागे सतत घूं आवाज येतो, आणि पोर्टच्या धातूला हात लागला तर झिणझिण्या येतात. घर जुनं आहे.

उत्तर: रेकॉर्डिंग थांबवा आणि आधी अर्थिंग तपासून घ्या, बाकी सगळं नंतर. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते कॅबिनेटच्या धातूला जोडलेले असतात आणि त्यातून गळणारा थोडासा करंट अर्थिंगमधून जमिनीत जायला पाहिजे. अर्थिंगच नसेल तर कॅबिनेटवर मेन व्होल्टेजच्या निम्मं, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी कमी असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात, पण अर्थ नसलेल्या घरात एखाद्या उपकरणात खरोखरच लाइव्ह वायर धातूला टेकली तर माणूस जातो, म्हणून हे हलक्यात घेऊ नका.

आपल्याकडच्या जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट दिसतं पण तिसरी वायर मागे कुठेच जात नाही, हे फार ठिकाणी आहे. आणि जिथे अर्थिंगचा खड्डा केलेला आहे तिथेही चिऱ्याची जमीन, एप्रिल-मेमध्ये ती कोरडी ठणठणीत झाली की अर्थिंग कमजोर पडतं, पाऊस लागला की पुन्हा सुधारतं. तुमचा त्रास उन्हाळ्यात वाढतो का बघा, वाढत असेल तर खड्ड्याकडेच संशय घ्या. लायसन्सवाला वायरमन बोलावून मीटरने तपासून घ्या आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवलेला नसेल तर त्याच खेपेला बसवून टाका.

अर्थिंग नीट झालं की घूं आवाज बहुतेक जाईल. थोडा राहिला तर इंटरफेस पुढच्या ऐवजी मागच्या पोर्टला लावा, मागचे पोर्ट थेट बोर्डावर असतात, पुढच्याची वायर पंख्यांच्या आणि ग्राफिक कार्डाच्या बाजूने फिरून येते आणि वाटेत गोंगाट गोळा करते. पीसी आणि आवाजाचा मिक्सर असेल तर तो, एकाच सॉकेटबोर्डवरून चालवा. पखवाज आणि पेटीचं रेकॉर्डिंग कायम त्याच खोलीत होत असेल तर मी पुढचं पोर्ट इंटरफेसला वापरणारच नाही, ते पेनड्राइव्हसाठी ठेवा.

प्रश्न (वास्को): समुद्र जवळ असल्यामुळे पुढचे यूएसबी पोर्ट वर्षभरात हिरवट पडतात. पावसाळ्यात पीसी झाकून ठेवतो तरी. काय करावं?

उत्तर: झाकून ठेवता तेच थांबवा, प्लॅस्टिकच्या कव्हरखाली ओल कोंडते. पावसाळ्यात पीसी रोज निदान अर्धा तास चालू ठेवा, आतल्या उबेने ओल निघून जाते. चवथीला गावच्या घरी आठ दिवस गेलात तर आल्यावर लगेच पोर्ट वापरू नका, आधी पीसी थोडा वेळ चालू राहू द्या. पोर्टला रबरी टोप्या मिळतात, त्या घाला, पावसाळ्यात खाऱ्या वाऱ्यापासून तेवढाच आडोसा. हिरवं पडलेलं काढायचं तर वीज काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही ९९ टक्केवालं, मऊ ब्रशला लावून पट्ट्या पुसा आणि पूर्ण सुकल्यावरच चालू करा. गंजाचा साधा स्प्रे मारू नका, त्याचं तेल आत राहतं आणि धूळ धरतं. पॉलिश पेपरने घासणं तर अजिबात नको, पट्टीवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो, तो गेला की खालचा धातू उघडा पडतो आणि पुढच्या पावसाळ्यात पोर्ट आणखी लवकर खराब होतं. आतून फारच हिरवं झालं असेल तर पॅनल बदला, ते बोर्डापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.